वास कुठवर आला

दूध करपलं आणि मला कळलं नाही. झालं ते एवढंच. ओट्याजवळ स्टुलावर बसून मांडीवरच्या ताटात मी खसखस निवडत होते आणि दूध माझ्या कानापासून दोन हातांवर गॅसवर होतं. मागून बांगड्या वाजल्या, एक हात माझ्या खांद्यावरून पुढे गेला आणि बटण फिरलं. शर्ली, माझी सून. ठाण्याहून आली की मिठाच्या बरणीला झाकण काहून नाही इथपासून बोलणारी बाई, पण एक शब्द बोलली नाही. तिने खिडकी उघडली, भांडं उचललं आणि मोरीकडे गेली. भांड्याचं बूड काळंकुट्ट झालेलं मला जाता जाता दिसलं. म्हणजे वास फाटकापर्यंत गेला असणार, पलीकडच्या बिस्मिल्लाच्या घरात शिरला असणार, आणि मी बसले होते खडे निवडत, महाराणीसारखी. दूध करपलं याचं दुःख नव्हतं. म्हशी मेल्या नाहीत वाशिमातल्या. खिडकी उघडली ना तिने, ते मला लागलं. आजाऱ्याच्या खोलीची उघडतात तशी, हळू.

नाक दिवाळीच्या तापात गेलं. ताप उतरला, खोकला गेला, चव अर्धी परत आली, नाक आलंच नाही. पहिल्यांदा कांदा चिरताना समजलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि कांदा मात्र मुका. मी तो नाकाला लावला, घासला. मग हिंगाची डबी. मग देवळात चोरी करावी तशी आपल्याच घरात फिरून मी एकेक वस्तू हुंगली: फिनाईल, लोणच्याची बरणी, न्हाणीतला साबण. शेवटी पेटी उघडली आणि आमच्या ह्यांचा काळा कोट काढला. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन, पण त्या कोटाच्या काखेत ते अजून होते. वर्षातून एकदा, कोणी नसताना, मी तिथं नाक खुपसत असे. म्हातारपणी लाज कसली. त्या दिवशी कोटातून नुसती गार हवा आली. माणूस दुसऱ्यांदा गेलं. मी कोट घडी करून ठेवला आणि ठरवलं, हे कोणाला सांगायचं नाही. बिस्मिल्लालाही नाही. ती अत्तर लावून आली की मी आपलं म्हणायचं, आज भारी लावलंय वं. तिने न लावलेलं असलं की फजिती व्हायची. मग मी म्हणायचे, कालचं अजून येऊन राह्यलं.

रूबेनला तर कळताच कामा नये. माझा मुलगा चांगला आहे, तोच त्याचा दोष आहे. वाईट मुलगा असता तर आईला विसरला असता, मी सुखात राहिले असते. हा ठाण्याच्या नवव्या मजल्यावरून रोज फोन करतो आणि रोज एक नवं कारण काढतो. आई, तिथं आपलं कोण आहे? आई, पायरीवरून पडलीस तर? आई, गॅस राहून गेला तर? आपलं कोण आहे म्हणे. सासरे रेल्वेत तारबाबू होऊन इथं आले तेव्हाही कोण होतं? कोकणात आम्हा ज्यू लोकांना शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. इथं ती ओळखही नाही. अर्ध्या वाशिमाला आम्ही ख्रिश्चन वाटतो आणि उरलेल्या अर्ध्याला मुसलमान, आणि मी कोणालाच सुधारत नाही, कारण दोन्हीकडून ताटं येतात. या घरात मी तीस वर्षं हुकूम चालवलाय. नवव्या मजल्यावर मी कोणाला काय सांगणार, लिफ्टला? आता रूबेनला एवढंच हवं होतं, की म्हातारीला गॅसचा वास येत नाही. मग कोणताही शहाणा माणूस त्याचीच बाजू घेईल. मीही घेतली असती, म्हातारी दुसऱ्या कोणाची असती तर. सणाला ती सगळी इथं आली होती. रात्रभर मी कान देऊन पडले. शर्ली सांगते की नाही? त्यांच्या खोलीतून एक शब्द आला नाही.

आणि त्यातच होळीचा सण. आमचा. बाहेर गोवऱ्या पेटतात ती त्यांची होळी, आमची एस्तेर राणीची. हामान नावाच्या दिवाणाने सगळ्या ज्यू लोकांना मारायचं ठरवलं आणि राणीने राजाला सांगून त्यालाच फासावर चढवला, त्याचा सण. पण दोन्ही एकाच पुनवेला येतात म्हणून आमच्यातही नाव होळीच. त्या सणाला आमच्या घरात तिकोनी होतात. मैदा, रवा, तूप यांचं पीठ, वाटीने पाडलेली चकती, मध्ये खसखस-खोबरं-गुळाचं सारण आणि तीन बाजूंनी चिमटा. हामानची टोपी. बाकीच्या कोकणातल्या आमच्या घरांत हे नाही. सासूबाई पोरवयात मुंबईला एका जर्मन मडमेकडे कामाला होत्या, लढाईतून पळून आलेली बाई, तिच्याकडून त्यांनी ते उचललं आणि मडमेचा जॅम फेकून त्यात वेलची घातली. भाजायचं मागच्या अंगणात. शेगडीवर मोठा गंज, जाड पातेलं, गंजात बोटभर वाळू, वाळूवर कडं, कड्यावर ताटली, वरून पत्र्याचं झाकण आणि झाकणावर बाभळीचे निखारे. झाकण मध्ये उघडायचं नाही, उघडलं की तिकोनी बसली. घड्याळ नाही, कारण बाभूळ कधी तापट, कधी थंड. आणि चाखायचं तर मुळीच नाही, कारण तो दिवस एस्तेर राणीच्या उपासाचा. ती राणी उपाशी राहून जीव वाचवते आणि तुम्ही बिस्किटं चाखता, असं सासूबाई म्हणायच्या. लहान पोरांनासुद्धा मगिल्ला, म्हणजे त्या राणीची पोथी, वाचून होईपर्यंत तोंड उघडायची परवानगी नाही. म्हणजे सगळा कारभार नाकावर. आणि तीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला हेच ऐकवलंय, की मिलकाबाईंचं नाक म्हणजे नाक.

रूबेनने या खेपेला एक खोकं आणलं होतं. विजेचा ओव्हन. काचेचं दार, आत दिवा, मिनिटं भरली की घंटी. उपासाच्या दिवशी सकाळी त्याने तो टेबलावर मांडला आणि नवरीमुलगी दाखवावी तसा दाखवला. मी म्हटलं, छान आहे, मासे ठेव त्यात, दिवा लावून पाहत बसू. तो हसला नाही. म्हणाला, आई, या वर्षी यात करू, निखाऱ्याजवळ बसणं आता तुला झेपत नाही. झेपत नाही हा शब्द त्याने कुठून आणला? मी शर्लीकडे पाहिलं. ती पोरीची वेणी घालत होती, खाली मान. सांगितलंय की नाही, काही कळेना. मी म्हटलं, तिकोनी निखाऱ्यावरच होणार, मी जिवंत आहे तोवर. मग तोंडातून निघून गेलं की निघून गेलं. माझं तोंड माझ्यापेक्षा नेहमी दोन पावलं पुढे असतं, आणि मग मला धावत जाऊन त्याला गाठावं लागतं.

पहिला घाणा सोळांचा. आवीवा, माझी नात, अकरा वर्षांची, चिमटे काढत होती. तिची तिकोनी चौकोनी होत होती, पण माझं लक्षच नव्हतं. ताटली गंजात उतरवली, झाकण टाकलं, चिमट्याने निखारे मांडले आणि स्टूल ओढून शेगडीसमोर बसले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मान उंच करून नाकाने हवा ओढली. गार, कोरी हवा. जशी कोटातून आली होती. मी मनात आकडे मोजायला घेतले, शंभर झाले, दोनशे झाले, मध्ये रूबेन काही बोलला, आकडा सुटला. मग मी झाकणावर हात धरून आच पाहिली. आच तर निखाऱ्याची, तिकोनीची कशी कळणार? भिंतीपलीकडे बिस्मिल्ला कपडे वाळत घालत होती. रोजे चालू होते. बत्तीस वर्षांनी रमजान आणि आमची होळी अशी एकात एक आली होती. तिचा आवाज आला, "मिलकाबाई, काही जळून राह्यलं का वं?" मी झाकण काढलं. वरून सोन्यासारखी. उलटी केली तर कोळसा.

मी म्हटलं, वारा फिरला. लिंबाचं पान हलत नव्हतं. रूबेनने ते पान पाहिलं, मग तिकोनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तीच पंचाईत होती. तो फार हळू बोलला. "आई, पीठ उरलंय ते ओव्हनमध्ये टाकू. आणि रात्री आपण जरा शांतपणे बोलू." शांतपणे बोलू म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्या ह्यांची नोकरी संपताना साहेबाने असंच म्हटलं होतं. पीठ होतं आणखी दोन घाण्यांचं. मी सोळाच्या सोळा बिस्किटं परातीत ओतली आणि दुसरी ताटली तुपाने पुसायला घेतली. तुपाने ती बोटांतून सटकत होती. शर्लीने ताटलीची दुसरी कड धरली. नुसती धरली, ओढली नाही.

दुसरा घाणा गंजात उतरवला तेव्हा ऊन कलून सरळ डोळ्यांवर आलं होतं. निखाऱ्याची धग आणि वरून ते ऊन, डोळे मिटायला लागले, म्हणून मी स्टूल फिरवलं आणि शेगडीकडे पाठ करून बसले. तेवढंच केलं. पण पाठीला धग लागली आणि मला एकदम वाटलं, हे बसणं माझं नाही. मी इथं कोणाच्या तरी जागी बसलेय. सासूबाई अशाच बसायच्या. दर होळीला, शेगडीकडे पाठ, पाय पुढे सोडलेले, तपकिरीची डबी कनवटीला, आणि मी नवी सून शेगडीच्या तोंडाशी, डोळ्यांतून धार. धग सोसत नाही म्हणायच्या. आणि पाठ न वळवता विचारायच्या, "मिलका, वास कुठवर आला?" मी म्हणायची, आला. तर कडाडायच्या, आला म्हणजे कुणाचा आला, पाव्हणा आहे का तो? नीट सांग. मग मी रडत रडत सांगायची, कच्च्या पिठाचा येतोय. थांब. तुपाचा सुटलाय. थांब. खसखस भाजल्यासारखी वाटतेय. थांब गं, घाई काय, तुझं लग्न झालंय. आणि मग एक वास यायचा, करपण्याच्या अगदी एक बोट अलीकडचा, ज्याला मला नाव सापडेना. पहिल्या वर्षी मी खूप शोधलं आणि म्हटलं, सासूबाई, कपड्याला इस्त्री करतात तसा. त्या फिरल्या नाहीत. म्हणाल्या, काढ. त्यानंतर दर वर्षी तेच. इस्त्री आली? आली. काढ. आणि मी समजत होते की ही म्हातारी माझी परीक्षा घेते, हिला सगळं आधीच कळलेलं असतं, आणि मला नुसतं छळते.

पाठ भाजत होती आणि मी बसून राहिले. कारण त्याच्यामागे दुसरं एक आठवलं, जे मी वर्षानुवर्षं हसण्यावारी सांगत आले होते. सासूबाई सत्तरीला टेकलेल्या. एका सकाळी डोक्याला रॉकेल थापून बाहेर आल्या. केसांतून निथळतंय, आख्खं घर घमघमतंय, आणि त्या शांतपणे वेणी घालताहेत. मी म्हटलं, हे काय केलं, खोबरेल समजून रॉकेल लावलं? त्या एक क्षण थांबल्या. कंगवा हवेत. मग म्हणाल्या, उवा झाल्यात, उवांना हेच औषध. पांढरे चाळीस केस डोक्यावर, त्यांत उवा कुठं राहणार, भाड्याने? मी आठवडाभर हसले, शेजारी सांगितलं, आमच्या ह्यांना सांगितलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तो थांबलेला कंगवा मी पाहिला होता. पाहिला आणि हसले.

म्हणजे तपकिरीने खाल्लं होतं त्यांचं नाक. कधी? मी लग्न होऊन आले त्याच्या आधी? परीक्षा नव्हती ती. त्या विचारत होत्या. पाठ करून, आवाज चढवून, शिव्या घालून त्या मला विचारत होत्या, कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि चोवीस वर्षं मी त्यांना उत्तर देत आले आणि वर स्वतःला मूर्ख समजत आले. म्हातारे, काय फसवलंस. काय तोऱ्यात फसवलंस.

"आवीवा," मी म्हटलं. पाठ वळवली नाही. "इकडं ये. शेगडीजवळ बस. वास कुठवर आला?"

पोर म्हणाली, "आजी, तुला येतोय ना?"

"मी तुले विचारून राह्यली. कुणाचा आला ते सांग."

तिने नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, ओल्या भिंतीसारखा. ते कच्चं पीठ. मी म्हटलं, थांब. बिस्मिल्लाच्या बांगड्या भिंतीपलीकडे थांबल्या होत्या. आवीवा म्हणाली, आता सिनेमाच्या मध्यंतरासारखा. मी विचारात पडले, मग उमजलं, पॉपकॉर्न. म्हणजे तूप सुटलं. थांब. ठाण्याच्या पोरीचं नाक ठाण्याच्या भाषेत बोलत होतं आणि मी पाठीमागे हात बांधून ते आपल्यात उतरवत होते. आता शेंगदाण्यांसारखा पण शेंगदाणे नाही. ती खसखस. रूबेन काही बोलणार होता, शर्लीने त्याला शूऽ केलं, ते मला ऐकू आलं. मग पोर गप्प झाली. मी मोजलं नाही. मोजायचं काही राहिलंच नव्हतं. माझ्या पाठीवर घामाची धार उतरत होती आणि मला ठाऊक होतं, की आता नाही बोलली तर गेलं, सगळंच गेलं, घर, अंगण, लिंब, हे स्टूल. आणि तिच्या तोंडात मी शब्द घालू शकत नव्हते. घातला असता तर तो तिने आज्ञाधारकपणे लगेच परत दिला असता, आणि माझ्या काही कामाचा राहिला नसता.

"आजी," ती म्हणाली, जरा लाजूनच, तिला वाटलं चुकीचं आहे. "सकाळी मम्मी माझा युनिफॉर्म इस्त्री करते ना... तसा."

"काढ," मी म्हटलं.

शर्लीने झाकण उचललं. मी वळले नाही. कोणी बोलेपर्यंत वळायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पाठीलाच माहीत होतं. मग रूबेनचा आवाज आला, लहानपणचा. "आई, माझ्या आजीसारखी झालीत गं." तेव्हा मी फिरले. वरून सोनं, उलटी केली तरी सोनं, कडेला तो बदामी काठ. तिसरा घाणाही तसाच उतरला, आणि त्या वेळी पोरीने मला विचारू दिलंच नाही, स्वतःच ओरडून सांगत होती, तूप, खसखस, थांब आजी, घाई काय. मी तिला एक चापटी मारली. बोलणं माझं चोरत होती.

दिवस मावळला तेव्हा पहिलं ताट भिंतीवरून गेलं, बिस्मिल्लाचा रोजा सोडायला. तिने खजूर तोंडात टाकला, पाणी प्याली, मग तिकोनीचा कोपरा मोडला. मी भिंतीला धरून उभी, माझा उपास अजून सुटायचा होता. ती सावकाश चावली, मुद्दाम, मला छळायला. मग म्हणाली, "तुह्या सासूच्या हातची चव हाय. बत्तीस वर्षं झाली असतील खाऊन." आणि खाली वाकून, रूबेनला ऐकू जाणार नाही अशी, "ती बी असंच विचारे मले, भिंतीवरून. तू माहेरी गेली असली की. बिस्मिल्ला, वास कुठवर आला. मले तवाच समजलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तिनं सांगतलं नाई, मी कायले सांगू?" ती म्हणाली, आणि दुसरा कोपरा मोडला. मग माझ्या नाकाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, दिवाळीपासून मी एकदाही अत्तर लावलं नाही, मिलकाबाई.

घरात मगिल्ल्याची तयारी चालली होती. रूबेन टोपी घालून बसला, मराठी पोथी समोर. हामानचं नाव आलं की ज्याच्या हातात जे असेल ते बडवायचं, नाव कोणाला ऐकू येता कामा नये, हा रिवाज. आवीवाने ताट घेतलं, शर्लीने डबा घेतला. मी मोरीत गेले. बादलीमागे, पालथ्या घमेल्याखाली, जिथं मी स्वतः लपवलं असतं अगदी तिथंच, ते दुधाचं भांडं होतं. घासून घासून तिच्या हाताची सालं निघाली असतील, तरी बूड काळंच. शर्ली दारात उभी होती. म्हणाली, "आई, मी त्यांना सांगितलंय, दूध माझ्याकडून राहिलं." ही सून मी निवडली होती, हे त्या वेळी मला आठवलं. मी भांडं काखेत मारलं आणि बाहेर आले.

सासूबाई शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. त्या मेल्या तेव्हाही त्यांचं नाक शाबूत होतं, सगळ्या गावासाठी. मी त्यांच्या जागी बसले, त्यांची पाठ घेतली, त्यांचा आवाज घेतला. पण रॉकेल मी नाही लावणार डोक्याला. माझे केस अजून चाळिसाच्या वर आहेत.

रूबेनने वाचायला घेतलं. पहिला हामान आला आणि मी पळीने त्या भांड्यावर असा घाव घातला की पोर उडाली. रूबेन थांबला. हे एवढं काळं कसं, म्हणाला. मी म्हटलं, हे माझ्याच हातून करपलं, शर्लीच्या नाही. दिवाळीपासून मला कसलाच वास येत नाही. त्याने पोथीवर बोट ठेवलं. मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो आईच्या तब्येतीचा नव्हता, माझाच मुलगा तो.

"मग तिकोनी कोणी केली?"

"म्या केली. नाक हिचं होतं, हुकूम माहा होता. आता ऐक. मी कुठंच येत नाई. उद्या ते सिलिंडर घरातून काढून टाक, ज्याले द्यायचं त्याले दे. तुही ती काचेची पेटी ठेवून जाय, अन् एक विजेची शेगडी घेऊन दे, घंटीवाली. माहे कान चांगले हाएत. अन् ही पोरगी दर होळीले इथं पाहिजे, शाळा असो का काही असो."

तो काही म्हणणार होता. शर्ली म्हणाली, सिलिंडर उद्याच काढू. आवीवा म्हणाली, मी येणार. दोघींकडे त्याने आळीपाळीने पाहिलं, आणि नवव्या मजल्याचा हट्ट त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना मला दिसला. बाहेर लोकांची होळी पेटली होती, ढोल वाजत होते. त्या धुराचा वास येत असेल. पोरीला विचारते नंतर.

मी पळी वर उचलून धरली. "वाच पुढं," मी म्हटलं. "हामान यायचा हाय अजून."